त्याच सुताचा पांढरा दोरा

मामा, तुमच्या तेराव्याला, गंधमुक्तीला, एवढी माणसं आली की मामीचा अंदाज चुकला. मामीचा अंदाज चुकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. वरणात दोनदा पाणी घालावं लागलं. लूमवाले आले, सूतवाले आले, रंगाचे डबे पोचवणारा टेम्पोवाला आला. तुमच्या सूत रंगवायच्या शेडच्या सांडपाण्यावरून तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडणारे शेजारीही आले आणि सगळ्यांत जास्त तेच रडले. आता भांडायचं कुणाशी, असं त्यांना वाटलं असेल. मला त्यांचं दुःख नीट कळलं, कारण माझंही तेच झालं आहे.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. भाऊबीजेला सुरू झालं, आणि ते पुरं व्हायच्या आत, चार महिन्यांनी, एका दुपारी तुम्ही जेवून हात धुवायला उठलात, मोरीपाशी खाली बसलात आणि संपलात. हृदय बंद पडलं म्हणाले. पुण्याला माझ्या प्रयोगशाळेत ज्याला कळलं त्यानं हळूच विचारलं, "कॅन्सर होता का?" मी दिवसभर तोंडाच्या कॅन्सरवर काम करते आणि तुम्ही जन्मभर सुपारी खात होतात, तेव्हा लोकांनी आपलं आपणच उत्तर काढलं. नाही, म्हटलं, मामांच्या तोंडात गाठ नव्हती. आणि तुमच्या तोंडात गाठ नव्हती, यावरूनच तर आपलं भांडण झालं होतं.

ते सांगायचं तर आधी शेड सांगावी लागेल. तुम्हाला नव्हे, जे हे वाचतील त्यांना.

सातवी झाल्यावर मला शाहपूरहून तुमच्याकडे ठेवलं, शाळेसाठी. बाबांच्या केळीच्या मळ्यातून मी थेट बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात तुमच्या घरी येऊन पडले. पहिल्या दिवशी मी फक्त तुमची नखं बघत होते. निळी होती. दोन दिवसांनी मरून रंगाची झाली. मला वाटलं, या माणसाला काहीतरी मोठा आजार आहे. मामीला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि मग ती गोष्ट तिनं पुढे वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली. परवा गंधमुक्तीलाही सांगितली. सांगताना हसली आणि मग हसता हसताच उठून आत गेली.

शाळा सुटली की मी शेडवर यायचे. आत वाफ, साबणाचा वास, दांड्यांवर निथळणाऱ्या ओल्या सुताच्या लड्या. तुम्ही मला एक काम दिलंत, आणि ते देताना चेहरा इतका गंभीर केलात की मला वाटलं, आता सगळा कारखानाच माझ्या गळ्यात घालताहेत. काम एवढंच होतं. रंगून आलेल्या लडीतले दोन धागे घ्यायचे, त्यांत एक पांढरा दोरा मिसळून वेणी घालायची, ती साबणाच्या उकळत्या पाण्यात ठेवायची, पिळून उन्हात वाळवायची. मग वेणी सोडायची आणि फक्त पांढरा दोरा बघायचा. तो पांढराच राहिला असेल तर रंग पक्का, माल लूमवर जाणार. त्याला जराशी जरी झाक आली असेल तर सगळं सूत पुन्हा रंगाच्या हौदात.

"रंगीत धागा तर आपलीच तारीफ करते बेटा," तुम्ही म्हणालात. "खरं काय ते पांढरा सांगते."

हे ऐकून मी खूप मोठी झाल्यासारखी वागायला लागले. शेडवरच्या चार माणसांनी मेहनतीनं रंगवलेला माल एक तेरा वर्षांची पोरगी उन्हात दोरा धरून नापास करायची आणि तुम्ही तिचं ऐकायचात. आता विचार करते तर वाटतं, माझ्या मागे तुम्हीही तो दोरा बघून घेत असणार. पण मला ते कधी कळू दिलं नाहीत.

आणि मग मी तो घोटाळा केला. शेडवरचं पांढरं सूत संपलं होतं, तुम्ही इंदूरला गेला होतात, आणि मरून रंगाच्या सुताची घाई होती. मी घरी पळाले, मामीच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा आणला, वेणी घातली, उकळली. दोरा असा पांढराशुभ्र निघाला की माझी छाती फुगली. माल गेला. आठवड्यानंतर एक लूमवाले चाचा आले आणि तुमच्यासमोर एक टॉवेल ठेवून उभे राहिले. पांढऱ्या काठाचा टॉवेल होता. एका धुण्यात काठ गुलाबी झाला होता.

तुम्ही मला बोलावलंत. कोणता दोरा घेतला होता, विचारलंत. मी डबा आणून दाखवला. तुम्ही दोऱ्याचा तुकडा तोडून त्याला काडी लावलीत. तो जळला नाही, आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. मग शेडवरच्या सुताचा धागा पेटवलात. तो कागदासारखा जळून गेला, राख उरली.

"हा कापसाचा दोराच नाही," तुम्ही म्हणालात. "याले आपला रंग कधीच लागणार नाही. मग याले विचारून काय फायदा? पांढरा पाहिजे तर त्याच सुताचा पाहिजे. जे टॉवेलमधी आहे तेच."

एवढंच. रागावला नाहीत. मामीनं ताट वाढलं होतं ते झाकून ठेवायला सांगितलंत, सायकल काढलीत, मला मागे बसवलंत आणि चाचांच्या लूमवर गेलात. तिथे त्यांच्या माणसांसमोर म्हणालात, "चूक माझ्याकडून झाली. जेवढं सूत लूमवर चढलं आहे ते उतरवा." माझं नाव घेतलं नाहीत. परत येताना मी मागून रडत विचारलं, जेवून आलो असतो तर नसतं का चाललं? तुम्ही पायडल मारता मारता म्हणालात, "आपलं जेवण होईपर्यंत त्यांची लूम थांबली असती का?"

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, त्याचं श्रेय सगळे माझ्या गुणांना देतात. गुण वगैरे ठीक आहेत. मला रंगांचा नाद लागला होता आणि तो तुमच्या हौदापाशी लागला होता. माझं कामही शेवटी रंगाचंच. आम्ही त्याला प्रोब म्हणतो. कापड रंगवण्याच्या जुन्या रंगांच्या गोतावळ्यातले हे रेणू; निळा प्रकाश टाकला की हिरवे चमकतात. अशा रेणूला एक बारीकसा तुकडा जोडून त्याची चमक बंद करून ठेवायची. गाठीच्या पेशींमध्ये एक एन्झाइम भरपूर असतं, ते हा तुकडा कापून टाकतं आणि रेणू चमकायला लागतो. निरोगी पेशींत ते एन्झाइम कमी, म्हणून तिथे अंधार. ऑपरेशनच्या वेळी तोंडात हा रंग फवारायचा, थोडं थांबायचं, आणि जिथवर हिरवं दिसेल तिथवर डॉक्टर कापणार. नुसत्या डोळ्यांना गाठीची कड दिसत नाही. कमी कापलं तर गाठ परत येते. जास्त कापलं तर माणसाचा गाल जातो, जीभ जाते, आणि मग घास गिळणंही जातं, बोलणंही जातं.

हे तुम्हाला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच बुधवाऱ्याच्या बाजारात जाऊन ओळखीच्या सगळ्या दुकानांत सांगून आलात, "माझी भाची कॅन्सरले रंग देते." लोकांनी विचारलं, कॅन्सरला रंग कशाला द्यायचा? तुम्ही म्हणालात, "चोराले ओळखायचं तर त्याच्या अंगावर रंग नको का?" मी नंतर मोठमोठ्या सभांतून या विषयावर बोलले आहे, पण एवढ्या थोडक्यात मला ते कधीच सांगता आलं नाही.

आता भाऊबीज.

तुम्ही दरवर्षीसारखे आईकडे ओवाळून घ्यायला शाहपूरला आला होतात. मीही आले होते. जेवणं झाली आणि मी ऐटीत लॅपटॉप उघडून सगळ्यांना फोटो दाखवायला लागले. काळ्यावर हिरवं, काळ्यावर हिरवं. आई म्हणाली, काय छान दिसतं गं. बाबा म्हणाले, आता ऑपरेशनला वापरणार म्हणे. मी म्हटलं, हो, परवानगी आली, मार्च संपला की पहिल्या रुग्णांवर करायचं आहे. तुम्ही चष्मा काढून, पुसून, परत लावून पुढे वाकलात.

"हे हिरवं म्हणजे गाठ?"

"हो मामा."

"नी हे काळं?"

"निरोगी गालाचं मांस. तिथे चमकत नाही, बघा."

"कोणाच्या गालाचं?"

मी सांगितलं. अकलदाढ काढायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांचं. दाढ काढताना थोडा तुकडा निघतो, तो आम्हाला मिळतो. रुग्णांकडून फक्त गाठीचा तुकडा मिळतो, भोवतालचा चांगला भाग कोण कापून देईल?

"ती पोरं सुपारी खातात?"

"नाही हो. शिकणारी पोरं."

"मग झालं ना," तुम्ही म्हणालात. "गाठ होते सुपारीवाल्याले, नी पांढरा दोरा घेतला तू चांगल्या घरच्या पोराचा. तो कशाले चमकेल?" आणि मग तुम्ही माझ्याकडे तोंड करून ते उघडलंत. जेवढं उघडायचं तेवढंच, दोन बोटं. आत गाल ताठ, आखडलेला. "हा घे. पक्कं तपासून घेतलेलं आहे, गाठ नाही. पण चाळीस वर्षं सुपारी सोसलेला गाल आहे. याच्यावर मार तुझा फवारा. हा काळा राहिला तर तुझा रंग पक्का. हा चमकला तर कच्चा."

सगळे हसले. तुम्ही हसला नव्हतात, हे मला दिसत होतं. मला राग आला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामावर तुम्ही एका वाक्यात बोट ठेवलंत, आणि तेही आईबाबांसमोर. शिवाय मी दहा वर्षं सुपारी सोडा म्हणून तुमच्या मागे लागले होते आणि तुम्ही तोच गाल माझ्या कामाला काढून देत होतात. मी म्हटलं, "मामा, हे टॉवेल नाहीत. माणसाचं शरीर आहे. प्रत्येक गोष्ट तुमच्या हौदात नाही मावत."

तुम्ही तोंड मिटलंत. म्हणालात, "बरोबर आहे. मी कुठे शिकलेलो."

आणि चहा न घेता निघालात. आईनं त्या दिवशी तुमचं ओवाळणीचं ताट बराच वेळ आवरलं नाही. तुम्ही कुठे शिकलेले, असं मी म्हटलं नव्हतं. ते तुम्ही म्हणालात. पण मी म्हटलं त्याचा अर्थ तोच होता, आणि ते आपल्याला दोघांनाही माहीत होतं. त्याची माफी मी तुमच्यासमोर कधी मागितली नाही. आता मागते आहे आणि तुम्ही नाही आहात.

पुण्याला गेल्यावर मी काय केलं माहीत आहे? तुम्हाला खोटं ठरवायला निघाले. सुपारीनं ज्यांचं तोंड मिटत जातं त्यांच्या गालातल्या ताठ शिरा कधी कधी डॉक्टर कापून मोकळ्या करतात. त्यात थोडं मांस निघतं. गाठ नसलेलं, पण सुपारीनं पिडलेलं. म्हणजे नेमका तुमचाच गाल. मी परवानग्या काढल्या, पाठपुरावा केला, ते तुकडे मिळवले. मनात म्हणत होते, हे काळे राहतील, मी फोटो पाठवीन, आणि खाली काही लिहिणारसुद्धा नाही. मामा समजतील.

संक्रांत होऊन गेली होती. पहिला तुकडा चमकला. मला वाटलं दिवा बिघडला. दिवा बदलला. दुसरा चमकला. नवा रंग बनवून पुन्हा फवारला. तिसरा, चौथा. गाठीइतके नाही, पण डॉक्टरनं कापावं इतके हिरवे. सतत चोळला गेलेला, सुजलेला गाल तेच एन्झाइम बनवत होता. कुठेही गाठ नव्हती आणि माझा रंग सांगत होता, आहे, काप. जो हा फवारा मारेल तो एखाद्या सुपारीवाल्याचा धड गाल कापून काढेल आणि माझे आभार मानेल.

तुमचं बरोबर होतं, मामा. मी शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला होता. दुसऱ्यांदा.

आणि मग मी काय केलं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही, मामीला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. मी ते फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले आणि त्याला नाव दिलं, 'पुन्हा करणे'. स्वतःला म्हटलं, एवढ्याशा तुकड्यांवरून कसं ठरवायचं. म्हटलं, दुरुस्ती सापडू दे, मग चूक आणि दुरुस्ती एकदमच सांगू. माझ्या हाताखाली दोन मुली याच रंगावर पीएचडी करताहेत, त्यांचं काय होईल. परवानगी आलेली आहे, तारीख जवळ आली आहे, आमच्या सर्जन डॉक्टरांनी रुग्णांची निवडही सुरू केली आहे. ही सगळी कारणं खरी होती. खरं कारण मात्र लाज हे होतं. आपल्या शहाणपणाची अशी शोभा झालेली कुणाला आवडते? मला तर तुमच्यापेक्षा जास्त हट्ट आहे, आणि तुमचाच घेतलेला आहे.

त्या दिवसांत तुमचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी तो वाजताना बघत बसले. पहिल्यांदा निरोप टाकला, 'कामात आहे, नंतर करते.' तुम्हाला टाईप करायचा कंटाळा, तुम्ही हात जोडल्याचं चित्र पाठवलंत. दुसऱ्यांदा मी निरोपही टाकला नाही. मी ठरवलं होतं, नवा रंग घेऊनच बुऱ्हाणपूरला यायचं, तुमच्या समोर बसायचं, म्हणायचं, मामा, हा बघा, आता तुमचा गालसुद्धा काळा राहतो. किती छान चित्र होतं. त्या चित्रात तुम्ही जिवंत असणार हे मी गृहीतच धरलं होतं.

तुम्हाला शेवटचं न्यायचं माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा मामी तुमच्या तोंडात तुळशीचं पान ठेवत होती. तिनं पान उचललं, बोटात धरलं आणि सवयीनं दुमडलं. एकदा, मग आणखी एकदा. इतकी वर्षं भाकरी चुरून, पेढ्याचे चार तुकडे करून, केळं कुस्करून तुमच्या दोन बोटं उघडणाऱ्या तोंडापुरतं करून ठेवायची, तसंच. बाजूच्या बाई म्हणाल्या, अख्खंच ठेवायचं असतं. मामी म्हणाली, "त्यांच्यानं नाही उघडत." मला तिथे उभं राहवलं नाही. मी माणसांच्या तोंडावर काम करते, मामा, आणि माझ्या घरातलं हे एक तोंड मी कामाच्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही स्वतः उघडून दाखवलंत तरी पाहिलं नाही.

तुमच्याकडून मला किती मिळालं त्याची यादी मी करणार नाही. तुम्ही मध्येच उठून गेला असतात. पण एक सांगते. आयुष्यात मला हुशार म्हणणारे पुष्कळ भेटले. माझं म्हणणं खरं मानून रंगून झालेला माल पुन्हा हौदात घालणारे तुम्ही एकटे. तेरा वर्षांच्या पोरीला कुणी असं वागवलं की ती जन्मभर ताठ चालते. कधी कधी जास्तच ताठ चालते, तो भाग माझा.

परवा सगळी माणसं पांगल्यावर दुपारी मी आणि मामी ओसरीवर भांडी पुसत बसलो होतो. तेरा दिवस माझ्या जिभेवर असलेलं मी विचारून टाकलं. "मामी, भाऊबीजेनंतर मामा माझ्यावर रागावले होते का?"

मामीनं पातेलं खाली ठेवलं. "नाही वं माय. मीच रोज म्हणे त्यांना, पोरगी रुसली तुमच्यावर, फोन नाही उचलत. तर हे काय म्हणत माहीत आहे? म्हणत, रुसली असती तर भांडायले फोन केला असता. अलका गप्प बसणाऱ्यातली आहे का? फोन नाही करत म्हणजे तिनं माझ्यासारखा गाल आणून पाहिला. नी तो चमकला."

मामीनं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं.

"मी म्हटलं, मग आता तिच्या कामाचं काय? तर म्हणे, काय म्हणजे? तिनं त्याच दिवशी थांबवलं असेल. माझ्या हाताखाली शिकलेली आहे. आता नव्यानं करते आहे, म्हणून वेळ नाही तिले. तू फोन करून तिले त्रास नको देऊ." मामी थोडं हसली. "मले तर काही समजत नव्हतं. पण असं बोलताना मोठे खुश दिसायचे."

मामा, मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. ते बरं होतं. ते सोसलं असतं. तुम्ही तर माझा अभिमान धरून गेलात, आणि ज्या गोष्टीचा अभिमान धरलात ती मी केलेलीच नव्हती. अर्धं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, गाल आणला, चमकला. उरलेलं अर्धं तुम्ही माझ्या नावावर उगाच जमा केलंत. इकडे तुम्ही मामीला सांगत होतात की अलकानं थांबवलं असेल, आणि तिकडे सर्जन डॉक्टर रुग्णांची नावं पक्की करत होत्या.

मामीला मी हे सांगू शकले नाही. सांगेन. तिच्या डोळ्यांसमोर सध्या तुमचा तो खुश चेहरा आहे, तो आणखी थोडे दिवस राहू दे. मी हात पुसले आणि जिन्यात जाऊन बसले. फोनवरच पत्र लिहिलं, सर्जन डॉक्टरांना आणि परवानगी देणाऱ्या समितीला. पाच ओळींचं. आमची तुलना चुकीच्या गालांशी होती. सुपारी खाणाऱ्यांच्या निरोगी गालावरही हा रंग चमकतो. सोबत फोटो जोडले आहेत. कृपया एकाही रुग्णावर वापरू नये. चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थिनींची नाही. पाठवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही.

डॉक्टरांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. पहिलं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, गृहस्थ छप्पन्न वर्षांचे, शाळेत मास्तर. ते आता नेहमीच्याच पद्धतीनं करू, फवारा कपाटात ठेवला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. सांगितलंस ते बरं केलंस, असंही लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ, "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

मी आधी लिहिलं, 'अलीकडेच लक्षात आलं.' ते पुसलं. मग बोटांवर मोजलं. खात्रीसाठी पुन्हा मोजलं, आणि लिहिलं, 'नऊ आठवडे.'

मामा, त्यातले सात आठवडे तुम्ही होतात.